माझ्या ब्लॉगवरच्या जाहिरातीतल्या पत्त्यावर

मंगळवारी सकाळी पावणेदहाला चाकणच्या किल्ल्यावरच्या माझ्या जुन्या लेखाखाली एक कमेंट आली. 'ताई, तुमच्या ब्लॉगवरच्या नोकरीच्या पत्त्यावर आलोय. इथं ऑफिसच नाही. आता कुठं जायचं?' खाली मोबाइल नंबर.

मी काळेवाडीत राहते, एका दिवसात होणाऱ्या सहलींवर लिहिते आणि आजवर कुणाला नोकरी दिलेली नाही. लेख उघडून पाहिला. 'चाकणला कसं पोचाल' या परिच्छेदाखालच्या चौकटीत मला साड्यांची जाहिरात दिसली. कमेंटमधल्या नंबरवर फोन लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला, थकलेला आणि चिडलेला. तिनं फोटो पाठवला. त्याच चौकटीत तिला दिसलं होतं : 'चाकणच्या कंपन्यांमध्ये थेट भरती. आजच नाव नोंदवा.' अक्षरं माझ्या लेखासारखीच. ब्लॉगवर जाहिराती घेतल्या की कोणाला काय दिसणार हे यंत्रणा ठरवते, लिहिणाऱ्याला कळतही नाही. पण चौकट कुठं ठेवायची हे मी ठरवलं होतं. मजकुराच्या मधोमध ठेवली की क्लिक जास्त मिळतात, असं कुठंतरी वाचून मीच ती तिथं नेली होती.

"तिथंच थांबा," म्हटलं, "मी येते."

काळेवाडी फाट्यावरून नाशिक फाट्यापर्यंत रिक्षा, तिथून चाकणची बस. तुम्हाला जायचं असेल तर सकाळी आठच्या आत निघा. मी उशिरा निघाले आणि भोसरीपासूनच अडकले. मोशी ओलांडल्यावर नव्या कोऱ्या गाड्या लादलेला एक लांबलचक ट्रेलर आमच्यापुढं आडवा झाला, वीस मिनिटं बस जागची हलली नाही. शेजारी बसलेले गृहस्थ दुसऱ्या शिफ्टला निघाले होते. म्हणाले, "मॅडम, गाड्या बनवायला वेळ लागत नाही, रस्त्यावरून न्यायला लागतो." एरवी मी हे वाक्य कौतुकानं वहीत टिपलं असतं. त्या दिवशी मी फक्त घड्याळ बघत होते.

आंबेठाण चौकात उतरले. कोपऱ्यावर वडापाव चांगला मिळतो, तीन बांधून घेतले. शेअर रिक्षानं पंधरा मिनिटांत त्या गावात पोचले. पत्ता होता एका शेतकऱ्याच्या घराचा. पुढं ओसरी, मागं गोठा, त्याच्यामागं कुठल्याशा कंपनीची निळी शेड. ओसरीच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं : 'इथं कंपनीचं ऑफिस नाही. नोकरी मिळत नाही.'

घराचे मालक किसनराव बाहेर आले. "तुमी पण नोकरीला?"

"नाही. जाहिरात माझ्या ब्लॉगवर होती."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हंजी तुमी हाय व्हय त्या! दर आठवड्याला मान्सं येत्यात. कोण बीडचं, कोण नांदेडचं. पाणी पाजायचं, न्हाई म्हणून सांगायचं. परवा एक जण माझ्याच गळ्यात पडून रडला. मी काय करू?"

ओसरीवर ती मुलगी बसली होती, मीरा. आयटीआयला फिटरचा कोर्स केलेली, परभणीकडची. शेजारी तिचे वडील, गावात शिलाईकाम करणारे, मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल. नोंदणी म्हणून दीड हजार फोनवरूनच भरून झाले होते, मुलाखतीची वेळ मिळाली होती, आणि आता तो नंबर बंद होता.

मी म्हणाले, "अप्रेंटिसची नोंदणी सरकारी वेबसाइटवर फुकट होते, तुला..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सहा महिने झाले तिथं नाव देऊन. मी येडी नाही, ताई. बाकी कुठं असती जाहिरात तर पैसे भरले नसते. तुम्ही बसचे नंबरसुद्धा बरोबर लिहिता, म्हणून भरले."

वडील हळूच म्हणाले, "जाऊ दे ना माय."

"का जाऊ देऊ?"

मी समजावायला लागले की जाहिरात मी लावलेली नाही, ती आपोआप लागते. किसनराव मध्येच बोलले, "आपोआप कसं? माझ्या भितीवर कुणी कागद चिकटवला तर मी फाडतो. तुमची भित तुमी बघत न्हाई व्हय?"

मला राग आला होता तो त्या भामट्यांचा, पैसे घेऊन कुणाचीही जाहिरात दाखवणाऱ्या यंत्रणेचा. पण या ओसरीवर त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं. मी होते. आणि मीराच्या त्या क्लिकचे काही पैसे माझ्या खात्यात आले असणार.

वडापाव किसनराव, मीराचे वडील आणि मी, आम्ही तिघांनी खाल्ले. मीरानं हात लावला नाही. मग आम्ही चाकणला पोलिसांत गेलो. हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, अर्ज लिहून घेतला. लिहिता लिहिता विचारलं, "जाहिरात कुठं बघितली?"

मीरानं माझ्याकडे बोट केलं. "यांच्याकडे."

तक्रारीत माझ्या ब्लॉगचं नाव गेलं. मी खाली सही केली. दोघांना परभणीच्या गाडीत बसवलं, तिकिटं मी काढली. वडील नको नको म्हणत होते. मीरा खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी आल्यावर त्या जाहिरातीविरुद्ध ऑनलाइन तक्रार केली. दोन दिवसांनी ती गेली, तिसऱ्या दिवशी नाव बदलून हजर. तेव्हा मी सगळ्याच चौकटी काढून टाकल्या. लगेच मेल आला, 'तुम्ही कमाईची संधी गमावत आहात.' फसवणुकीच्या तक्रारीवर उत्तर द्यायला तिथं माणूस नव्हता, कमाई थांबल्याची खबर मात्र मिनिटात पोचली. ब्लॉग लिहिणाऱ्या सगळ्यांना मी सांगते : आपल्या पानावर काय दिसतंय ते दुसऱ्याच्या फोनवरून बघा. आज बघा. माझ्या प्रवासखर्चापुरते पैसे जाहिरातींतून सुटायचे, ते आता सुटत नाहीत. सहली कमी होतील.

किल्ल्याच्या लेखात आता सुरुवातीलाच लिहिलंय की नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर भरू नका. ते पान वाचणारे बहुतेक जण किल्ला बघायला येतच नव्हते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. ते चाकणला पोचायचं कसं, एवढंच शोधत होते.

गेल्या आठवड्यात मीराच्या वडिलांचा फोन आला. तिला तिकडंच, संभाजीनगरजवळ एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घेतलंय. पैसे परत मिळाले नाहीत. मी म्हटलं, हे सगळं ब्लॉगवर लिहावं म्हणते, तिला विचाराल का? त्यांनी फोन हातानं झाकला. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं ते परत आले.

"लिहा म्हणते. काहीच गाळू नका म्हणते. फक्त नाव बदला."

बदललं आहे.