एक हजार नऊ पुड्यांची रांग

सातवी पास झाले तेव्हा माझ्याजवळ इतकी अक्कल होती, की घरादाराला वाटून उरली असती. पुढं शिकायला चांद्याला जायचं होतं. बाबा हो म्हणत नव्हते. ते ऐकायचे फक्त माझ्या मामाचं, आणि मामा धानोऱ्याकडे तेंदूपत्त्याच्या फळीवर मुनशी, म्हणजे हिशेबनीस.

फळी म्हणजे विडीच्या या पानांचे पुडे वाळत घालायची मोकळी जागा. पुडे सारख्या रांगांत मांडायचे. एक रांग मोजली की सारा माल कळतो. सुट्टीत मी तिथं शहाणपण पाजळत फिरायची. मामा वैतागले.

"आज एक हजार नऊ पुडे आहेत. सारख्या रांगांत मांड, एकबी उरला नाई पाहिजे. मग तुह्या शिक्षणाचं तुह्या बापाले मी सांगतो."

मी हसलेच. सात, तेरा असले लहान आकडेच हट्टी, अशी माझी पक्की समजूत. मोठा आकडा म्हणजे सागाचा ओंडका, कुठंतरी चिरणारच!

दोन-दोनच्या रांगा केल्या, एक पुडा उरला. तीनच्या, एक उरला. चारच्या, पुन्हा एक! पानं घेऊन आलेल्या बाया खिदळल्या. "काऊन वो बाई, पुड्यात भूत शिरलं का?"

मग काडी घेऊन धुळीत भागाकार मांडले. पाचला चार उरले. सहा, सात, आठ, नऊ, सगळीकडे तोच मेला एक. अकरा, तेरा, सतरा करत एकतीसपर्यंत गेले आणि थांबले. बत्तीसच्या बत्तीस रांगांना एक हजार चोवीस पुडे लागतात, तेवढे नव्हतेच. म्हणजे एक बाजू बत्तीसच्या आतच हवी, आणि आतले सगळे आकडे मी तपासले होते.

वाघाची डरकाळी ऐकूनही मी इतकी हादरले नव्हते. एवढा थोरला आकडा, आणि कुठंच फुटत नाही?

"मामाजी, हे कोणालेच जमत नाई."

"हरली म्हन ना!"

हरली म्हणेल ती मी कसली! बायांना हाताशी धरलं. फळीपासून मोहाच्या झाडाखालून, विहिरीला वळसा घालून थेट गाडरस्त्याच्या पार, एकामागं एक पुडे मांडले. बैलगाड्या थांबल्या.

"मुनशीभाऊ, रस्ता विकत घेतला का?" एक गाडीवान ओरडला.

मामा धावत आले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, तोंड उघडंच.

"हे काय गे?"

"एकच रांग. सारखी आहे. उरला एकबी नाई."

त्यांनी खोळंबलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पहिले हे उचल!"

आठवड्यानं ते आमच्या घरी आले. पाणीही न पिता बाबांना म्हणाले, "भाऊजी, हिले चांद्याले धाडा. इथी ठेवली तर गाड्या चालू देत नाई."

बाबा आईला म्हणाले, "हिची पेटी काढ."