मळलेला कोपरा

वंदनाताई पुस्तक हातात आलं की आधी पानांचे खालचे कोपरे बघायच्या. अंगठ्याचा मळ कुठे जास्त, कुठे कमी, हे पाहून झालं की मग मजकूर. "अक्षरं लिहिणाऱ्याची, मळ वाचणाऱ्याचा," असं त्या म्हणत.

दोन हजारच्या दशकात त्या म्युनिकला पीएचडी करत होत्या. मूळच्या सांगलीच्या, चाळिशीच्या, एकट्या. विषय होता मध्ययुगातल्या युरोपातल्या माणसांची भीती आणि आशा. त्यांच्यासमोर सहाशे वर्षांपूर्वीच्या प्रार्थनापोथ्या असत. ओठ टेकून टेकून चित्रांतल्या संतांचे चेहरे पुसले गेलेले. "या बाईनं बाळंतपणाची प्रार्थना काळी केलीय, तापाची कोरी आहे. धास्ती कशाची होती, ते न सांगता सांगून गेली."

आम्हीही तेव्हा म्युनिकलाच होतो; रविवारी त्या आमच्याकडे जेवायला येत. पहिल्याच दिवशी माझ्या बायकोची पाककृतींची वही चाळून म्हणाल्या, "पुरणपोळीचं पान कोरं आहे. म्हणजे नुसतंच लिहून घेतलंत."

"ताई, जेवा आधी," बायको म्हणाली. "पोलिसात का नाही गेलात?"

"उंची कमी पडली."

हसायच्या, पण थकलेल्या दिसायच्या. शिष्यवृत्ती संपत आली होती. राहण्याचा परवाना आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, अडकला होता. त्याच आठवड्यात सांगलीला आई गेली. देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. त्या गेल्या नाहीत.

महिन्याभराने आमच्या घरून त्यांनी भावाला फोन लावला. हवी होती फक्त आईची पोथी. आई रोज त्यातला एक अध्याय वाचायची. प्रत्येक अध्यायाचं फळ वेगळं मानतात: एक आजारासाठी, एक लग्न जमण्यासाठी, एक दूर गेलेलं माणूस घरी येण्यासाठी. 'परत ये' असं आई कधी म्हणाली नव्हती. 'तुझं काम कर' एवढंच म्हणायची. तिने कुठला अध्याय मळवला, ते ताईंना पाहायचं होतं.

स्पीकरवर भावाचा आवाज आला. "ताई, फार मळली होती गं ती. नवी आणलीय, मोठ्या अक्षरांची. जुनी कृष्णेत सोडली. रीतसर, फुलं वाहून."

"कुठला अध्याय जास्त मळला होता?"

"ते कोण बघतंय आता?"

"बरं केलंस," ताई म्हणाल्या. जीर्ण पोथी नदीत सोडायची, ही रीतच आहे. त्याचं काही चुकलं नव्हतं.

फोन ठेवून त्यांनी गार झालेला चहा संपवला. "सहाशे वर्षांपूर्वीच्या बाईचं सांगता येतं मला," एवढंच बोलल्या आणि कोट घातला.

प्रबंध वर्षभराने पूर्ण झाला. त्या सांगलीला परतल्या. शेवटचा फोन झाला तेव्हा मी विचारलं, दिवस कसा जातो?

"सकाळी पोथी वाचते. भावाने आणलेली, मोठ्या अक्षरांची."

"कुठला अध्याय?"

"रोज वेगळा. सगळे सारखे मळले पाहिजेत. मागे कुणी शोधत बसायला नको."