एका बटणाचा डाव

मामा गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी बसलो होतो, आणि मामा वॉर्डातल्या मावशींशी भांडत होते. दाराजवळ बटणांची लांबलचक पट्टी होती. कुठलं बटण कुठल्या पंख्याचं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे एक पंखा लावायला मावशी सगळी बटणं खटाखट दाबायच्या आणि दर वेळी समोरच्या पेशंटच्या डोक्यावरची ट्यूब विझायची. मामांनी नाकात नळी असताना, पडल्या पडल्या सगळी पट्टी मनात लावून टाकली होती. पण सरळ सांगतील तर ते मामा कसले! "मावशी, डावीकडचं दुसरं बंद ठेवा. आता शेवटचं दाबा. काय झालं?... मग त्याच्यावरून वळखा, मधलं कुणाचं?" मावशी म्हणाल्या, "बाबा, मला डूटी हाय. तुमच्यासारखं निवांत पडून नाय मी." मामा माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "डोकं हाय बाईला. फक्त घाई लई." दुसऱ्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला. माझ्या बायकोनं, छायानं तो घेतला, ऐकला आणि मला म्हणाली, "अण्णा गेले." वडिलांना ती अण्णा म्हणे.

याला आता दीड महिना होईल. रंगनाथ दाभाडे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात, म्हणून मामा. मी हिशेबाचा माणूस, वाळूजच्या एका कंपनीत कॉस्टिंगचं काम करतो. वाढवून लिहिणं मला जमत नाही. जे पाहिलं आणि जे मामांच्या तोंडून ऐकलं तेवढंच लिहितो.

मामा वाळूजच्याच दुसऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन होते. ज्वारीच्या रानांत एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या त्या काळात ते तिथं लागले. तेव्हाच्या मशीनमध्ये कॉम्प्युटर नसे. सगळं डोकं रिलेचं. रिले म्हणजे विजेनं दाबलं जाणारं बटण: आतल्या गुंडाळीला वीज मिळाली की 'टक्' आवाज करून पत्रा ओढला जातो आणि दुसरीकडची वायर जोडली जाते किंवा तुटते. असे जुने रिले मामा जाफर गेटच्या बाजारातल्या भंगारातून निवडून आणत आणि त्यांचा खेळ करत. एक सागवानी फळी, तिच्यावर पितळी स्क्रू, तीन रिले, घंटीचं एक बटण, टॉर्चचा एक बल्ब, सेल, आणि टोकाला चिमटे लावलेल्या रंगीत वायरी. मामा समोरच्याला एक मागणी सांगत आणि त्याप्रमाणे त्यानं वायरी जोडायच्या. याला ते 'डाव' म्हणत. सोपे डाव आधी, अवघड नंतर. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लोक एका हातानं भाकरी मोडत आणि दुसऱ्या हातानं वायरी जोडत. उत्तर मात्र मामांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही.

सगळ्यात अवघड होता एका बटणाचा डाव. ऐकायला साधा वाटतो. बटण एकच. दाबून सोडलं की बल्ब लागावा आणि लागलेलाच राहावा. पुन्हा तेच बटण दाबून सोडलं की विझावा आणि विझलेलाच राहावा. आता बटणाला काय माहीत की हे दाबणं पहिलं का दुसरं? मामा म्हणत, "बटणाला नाय, वायरीला ध्यानात राह्यला पायजे."

घरातही त्यांनी हेच चालवलं होतं. न्हाणीघराचा दिवा स्वयंपाकघराचा दिवा बंद केल्याशिवाय लागत नसे. का, तर वीज वाचते. त्यामुळे मामींची आमटी उतू जाताना कुणी आंघोळीला गेलं की अंधारातून मामींचा आवाज येई, "माझ्या घरात दिवा लावायला पण शाळा शिकावी लागती व्हय!" एकदा त्यांनी रागानं तापलेला तवा डावाच्या फळीवर ठेवला. फळीवर त्याचा काळा गोल उमटला. मामांनी तो पुसला नाही. उलट आलेल्या प्रत्येकाला दाखवत, "हा आमच्या मंडळींचा सही-शिक्का."

मामांचं मूळ गाव पैठण रस्त्याला, चितेगावच्या पुढं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मराठवाड्यातल्या अनेक वस्त्या जळाल्या, त्यात त्यांचं घर गेलं. छाया तेव्हा चार वर्षांची होती. ते शहरात आले आणि विद्यापीठाच्या जवळच्या वस्तीत राहिले. त्या जळण्याबद्दल ते क्वचित बोलत. एकदाच मला म्हणाले, "लोक म्हनले, नशीब. मी म्हनलं, नशीब कसं? कुणीतरी बटण दाबलंच असंल ना." नामांतराच्या मोर्चांना ते खाडा करून जात आणि दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइम करत.

छाया लग्नाची झाली तेव्हा मामांनी वस्तीत कुणी केलं नव्हतं असं केलं. पाहुणे मुलगी बघायला आले की पोहे, चहा, नाव-गाव विचारणं हे सगळं रीतीप्रमाणे होई. मग मामा फळी आणून मुलासमोर ठेवत. म्हणत, "तुम्ही पोरीला चालून दाखव म्हनता. आता पाव्हण्यांनी जरा बल्ब लावून दाखवावा." एक मुलगा बटण इतक्या जोरात दाबत बसला की ते आत गेलं ते वर आलंच नाही. एकाच्या वडिलांनीच फळी ओढून घेतली आणि ते दुपारभर तिच्यावरून उठेनात. शेवटी मुलगा म्हणाला, "दादा, बस जाईल." एका मुलाच्या मावशीनं तर सरळ विचारलं, "सून बघायला आलो का कंपनीत भरती व्हायला?" मामी डोक्याला हात लावून बसत. वस्तीत छायाला 'बल्बवाल्याची पोरगी' म्हणायला लागले होते, आणि पुढची स्थळं येण्याआधीच विचारत, "फळी दाखवणार का?"

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा बजाजनगरात खोली करून राहत होतो. माझे काका मला घेऊन गेले. जय भीम झाला, पोहे झाले, छाया चहा देऊन समोर बसली. मला ती पहिल्या नजरेतच आवडली, हे लिहायला आता हरकत नाही. आणि मग मामांनी फळी आणली. मी कॉमर्सचा. वायरीला हात लावण्याआधी मी मागणी दोनदा विचारून घेतली. मग एक वायर इथं, एक तिथं जोडली आणि बटण दाबलं. रिले रातकिड्यासारखा टर्रर्र करून किंचाळायला लागला. काका एवढे दचकले की बशी उलटली आणि त्यांच्या धोतरावर पोह्यांचा सडा पडला. छायानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, लाजली. नंतर कळलं, हसत होती.

तासभर झाला. टर्रर्र, टक्, काही नाही. काका कानात म्हणाले, "सुभाष, ऊठ. दुसऱ्या पोरी हायेत." मी म्हणालो, "काका, मला हीच पाहिजे." तेवढ्यात गल्लीत आरडाओरड झाली. बातमी आली होती: नामांतराचा निर्णय झाला. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती बातमी. मामा उठले, तसेच उघड्या डोक्यानं विद्यापीठाच्या कमानीकडे निघाले. दारातून वळून मला म्हणाले, "तुम्ही बसा. डाव मोडू नका." आणि गेले. शहरात तणाव होता, बस बंद झाल्या. आम्ही चुलता-पुतणे तिथंच अडकलो.

संध्याकाळी वस्तीतली पोरं आली. विहारावर बल्बच्या माळा चढवल्या होत्या, पण जोडून द्यायला मामा नव्हते. छाया म्हणाली, "मी देते." घरातले दुसरे रिले तिनं उचलले आणि विहाराच्या दाराशी जोडणी केली. मोठं बटण मिळालं नाही म्हणून तिनं घंटीचं एकच बटण बाहेर लावलं. दाबून सोडलं, आणि सगळा विहार उजळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फळी सोडून बघायला आलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत तिनं माझा डाव सोडवला होता, आणि जोडणी खोक्यात झाकून टाकली होती.

पण आनंदाच्या भरात प्रत्येकाला दिवे आपल्या हातानं लावायचे होते. एका म्हाताऱ्यानं बटण दाबलं, अंधार. दुसऱ्यानं दाबलं, उजेड. मग तिघांनी लागोपाठ दाबलं, पुन्हा अंधार. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "बाहेरून लाइट घालवायलेत! आजच्या दिवशी!" तरण्या पोरांनी काठ्या काढल्या. पलीकडच्या गल्लीतल्या विजेच्या डीपीकडे चला, असं सुरू झालं. जमाव निघाला असता तर त्या दिवसाचं काय झालं असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. छाया ओरडून सांगत होती, "अरे, कुणी घालवत नाय, तुम्हीच दाबताय!" पण गलक्यात मुलीचा आवाज कोण ऐकतो?

मी मोजत होतो. मोजणं ही माझी सवय आहे, त्यात शहाणपण काही नाही. एकदा दाबलं की लागतं, दोनदा दाबलं की विझतं, हे मला दिसलं. मी पुढं घुसून बटणासमोर उभा राहिलो, एकदा दाबून दिवे लावले आणि म्हणालो, "आता कुणी दाबायचं नाही." एक म्हातारी उसळली, "का? तू कोण? मी नाय दाबलं अजून!" तिचंही खरं होतं. एवढी वर्षं वाट बघितलेल्या बाईला नाही म्हणणारा मी कोण? मी म्हणालो, "आजी, दाबा. पण दोनदा दाबा." तिनं दाबलं, अंधार झाला. पुन्हा दाबलं, उजेड. ती हसली. मागचा म्हणाला, "आता मी." मी म्हणालो, "दोनदा. आणि रांगेत या."

काठ्या घेतलेली पोरंही रांगेत आली. मामा परतले तेव्हा गुलालानं माखले होते. लांबून त्यांना विहार उघडझाप करताना दिसला आणि ते धावतच आले. बघतात तर बाया-माणसांची लांब रांग, आणि तिच्या तोंडाशी मी: "दोनदा, मावशी... दोनदा. पुढं चला. ए, तू तीनदा दाबलंस, परत ये!" मामांनी छायाला विचारलं, "पाव्हण्यांना हे दोनदाचं कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "कुणीच नाय." मामा रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी एकदा दाबलं. अंधारात ते क्षणभर थांबले... आणि मग दुसऱ्यांदा दाबलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी विषय काढला. मामा म्हणाले, "डाव काय सुटला नाय पाव्हण्यांना." काका म्हणाले, "मग?" मामा म्हणाले, "मग काय? पोरीला विचारा." छाया आतून म्हणाली, "मला पसंत हाय. पण डाव ह्यांचा ह्यांनीच सोडवायचा. मी सांगणार नाय." मामी म्हणाल्या, "घ्या. बापाच्या वरताण."

तिनं शब्द पाळला. आमच्या संसारात छायानं मला सगळं सांगितलं, माझ्या पगारात काय बसतं आणि काय नाही ते तर रोज सांगितलं, पण हे नाही. आमची प्रज्ञा कॉम्प्युटर शिकली. तिच्याकडे एक खेळ होता. पडद्यावर वायरी ओढायच्या, छोट्या यंत्राला एकेक हुकूम लिहून द्यायचा आणि त्यानं सांगितलेलं काम बिनचूक करायचं. कमीत कमी हुकमांत जो करील तो जिंकला. मामा आजोबा झाल्यावर या खेळाला असे चिकटले की जेवायला उठेनात. तक्रार मात्र कायम. "ह्याच्यात हात भाजत नाय, झटका बसत नाय. पोरगी शिकणार कशी?" प्रज्ञा म्हणायची, "आजोबा, तुमचे हुकूम माझ्यापेक्षा दोन जास्त झालेत." मामा चष्मा पुसून पुन्हा बसायचे. तिनं एका बटणाचा डावही पडद्यावर सोडवला आणि आजोबांना कानात सांगितला. दोघं माझ्याकडे बघून हसले. घरात मी सोडून सगळ्यांना उत्तर माहीत होतं. तिचा कॉम्प्युटर उघडून बघणं अवघड नव्हतं. पण ती चोरी झाली असती, म्हणून बघितलं नाही.

मागच्या आठवड्यात मामींनी फळी आमच्याकडे पाठवली. "माझ्याच्यानं धूळ पुसवत नाय," म्हणाल्या. रविवारी सकाळी मी ती टेबलावर मांडली आणि वायरी जोडायला बसलो. छाया भाजी निवडत होती. मी बटण दाबून सोडलं. टक् झालं, बल्ब लागला आणि लागलेलाच राहिला. इथपर्यंत मी नेहमी येतो. पुन्हा दाबलं, विझला नाही. हेही नेहमीचंच. मग मी एक वायर काढून तो विझवतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. मी वायरीला हात घातला तशी छाया म्हणाली, "राहू द्या."

मी तिच्याकडे बघितलं. ती भाजीकडेच बघत होती.

"आज नका विझवू," ती म्हणाली.

मी हात काढला. सेल उतरतील म्हणून, ते न काढताच, फळीला प्लगचा अडॅप्टर जोडला.