उकिरड्यावरचं नाव आणि राजपत्र

माझं जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. ते उकिरड्यावरून आलं आहे, एवढं सांगतो, आणि यात अलंकार काही नाही. माझ्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून मी जन्मल्यावर आत्याने मला घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं, जरा लांब जाऊन परत आली आणि कुणाचं तरी टाकलेलं पोर सापडावं तसं उचलून घरात आणलं. नावही तसंच ठेवलं, यमाला किळस यावी असं. त्याला ती आली असावी, कारण मी पन्नाशी ओलांडली. मास्तरांना मात्र हजेरी घेताना दरवर्षी नव्याने हसू यायचं.

पुढे मी निगरगट्ट झालो. बुलढाण्यात औषधांचं दुकान टाकलं, पाटीवर बायकोचं नाव लावलं आणि विषय मिटवला. पण बापाचं नाव पोरीच्या नावात मधोमध बसतं. पदवीच्या समारंभात तिचं पूर्ण नाव माईकवरून पुकारलं आणि सगळं सभागृह फिस्सकन हसलं. तीही हसतच खाली आली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान लग्नपत्रिकेत तरी तिचा बाप बरा दिसावा म्हणून मी नाव बदलायचं प्रतिज्ञापत्र केलं आणि राजपत्राच्या अर्जाला लागलो.

ही बातमी देऊळघाटला आत्याच्या कानावर गेली. ऐंशी उलटलेली बाई ऑटो करून थेट दुकानात आली आणि गिऱ्हाइकांदेखत मला विचारती झाली.

"गॅझेटात छापून राह्यला म्हणे. काऊन? त्याले पत्ता देऊन राह्यला काय?"

खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाला वाटलं, माझ्यामागे वसुलीवाला लागलाय. मी तिला समजावलं की यम काही राजपत्र वाचत नसतो. तिचं म्हणणं, तोही सरकारी कामावरच आहे, वाचतच असेल. मग तिचा आवाज खाली आला.

"दोन गेले माह्या मांडीवरून. तुले कसा ठेवला, मले मालूम."

तिचा जीव टांगणीला लावून मला नवं नाव नको होतं. अर्ज राहू दे, असं मी तिला सांगून टाकलं.

ती स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि तिने चौकशी केली की जुन्या नावाचं सरकार काय करतं, खोडतं का. मी म्हटलं, खोडत नाही. दोन्ही शेजारी शेजारी छापतं, आणि जिथे जिथे जुने कागद लागतील तिथे तिथे मला ते पान दाखवावं लागेल. तिने हे माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग तिने एक अट घातली. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, सरकारचा नाही. आधी बारसं होईल, मग अर्ज.

पाळण्यात मी मावणार नव्हतो. म्हणून रविवारी मला बंगईवर बसवलं. डोक्याला कुंची म्हणून बायकोने पंचा बांधला, आणि शेजारणींनी झोके असे काही दिले की माझा तोल जाऊन मी घुगऱ्यांच्या पातेल्यावरच पडणार होतो. आत्या वाकली आणि तिने माझ्या कानात नवं नाव सांगितलं. आत्याच्या पाठीवर धपाटे घालायची रीत आहे, पण एवढ्या म्हाताऱ्या बाईला मारायला कुणाचा हात उचलेना. तिने सगळ्यांना झापलं, रीतसर धपाटे खाल्ले आणि पुन्हा माझ्या कानाशी आली.

"आता येऊ दे त्याले. बसू दे धुंडत, या दोन नावातला कोणता तू."

एवढं बोलून तिने माझी कुंची नीट केली आणि गालावरून हात फिरवला. मला रडू आवरलं नाही. डोळ्यांना पंचा लावून मी बंगईवर हमसून हमसून रडलो. शेजारणी म्हणाल्या, बाळाला भूक लागली, घुगऱ्या वाढा.