फॉर्मवर सही होईपर्यंत

फुटबॉलच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने निदान एकदा तरी बॉलला लाथ मारलेली असावी, अशी लोकांची समजूत असते. मी मारलेली नाही. तरी सीताबर्डीवर चार जुनी माणसं भेटली की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतोच, "भुसारी, ते फॉर्मचं सांगा." एक किस्सा सांगितला की त्याच्या पाठोपाठ दुसरा आठवतो, दुसऱ्यामागे तिसरा, आणि चहा गार होतो. माझ्या किश्शांत गोल फारसे होत नाहीत. जे काही होतं ते बहुतेक मॅचच्या आधीच होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. मी नागपूरच्या एका कापडगिरणीत टाइम ऑफिसात कारकून होतो, आणि गिरणीच्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी हे नाव मोठं, काम एकच. पावसाळ्यात शील्डचे सामने असत. त्याआधी प्रत्येक खेळाडूची छापील फॉर्मवर सही घ्यायची आणि ठरलेल्या दिवशी दुपारी बाराच्या आत ते सगळे फॉर्म असोसिएशनच्या ऑफिसात नेऊन द्यायचे; बारा वाजून गेले की संघ बाद. एकदा सही झाली की तो खेळाडू त्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून खेळू शकत नसे.

खेळण्याचा वेगळा पगार कुणालाच नव्हता. गिरणीत नोकरी मिळायची, तीच कमाई. त्यामुळे सही होईपर्यंत पोरगं जावयासारखं रुसायचं, आणि सही झाली की दुसऱ्या दिवशी मुकाट्याने साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं. हे पोरांना पक्कं ठाऊक होतं. मला कळायला एक वर्ष लागलं.

आणखी एक सांगून टाकतो. ह्या पोरांच्या नोकऱ्या कायम करून आणणारा मी स्वतः हंगामी होतो. दर वर्षी बारा महिन्यांचा कागद मिळायचा. हंगामी माणसाला गिरणीचं क्वार्टर, म्हणजे राहायला घर, नाही, म्हणून आम्ही नवरा-बायको महाल भागात माझ्या मेहुण्याच्या घरच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. मेहुणा सज्जन माणूस. दर रविवारी फक्त एवढंच विचारायचा, की मग, झालात का कायम?

*

पहिलं वर्ष. कन्हानला नत्थू नावाचा एक गोलकीपर आहे, हात पसरले की दोन्ही खांब झाकतात, असं आमच्या मॅनेजरसाहेबांच्या कानावर आलं. हे पेंडसेसाहेब पुण्याचे. शिस्तीचे, मोजकं बोलणारे, पण फुटबॉलचं वेड अस्सल. त्याला घेऊन या, म्हणाले. मी सायकल काढली.

नत्थू नदीवर म्हशी धूत होता. मी नवखा आणि उत्साही. मी त्याला सांगून बसलो, की साहेब तुझ्याशिवाय दुसरं नाव काढत नाहीत, तू आला नाहीस तर यंदा आमचं काही खरं नाही. नत्थूने म्हशीची पाठ घासता घासता सगळं नीट ऐकून घेतलं. मग पोट धरून खाली बसला.

"बाबूजी, पोट दुखून राहिलं. औंदा खेळणं काही जमत नाही."

मी गावातून ओवा आणून दिला. दुसऱ्या दिवशी तर नागपूरहून वैद्य घेऊन गेलो. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की ह्याच्या नोकरीचं अजून ठरायचंय का.

शेवटी साहेबांनी साचेखात्यात कायम नोकरी आणि दिवसपाळी, असा कागद दिला. नत्थूने तो दोघांकडून वाचून घेतला, फॉर्मवर सही केली आणि उरलेला ओवा मला परत दिला.

*

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो होतो. कामठीच्या हबीबला लेफ्ट विंगला घ्यायचं होतं. मी मनाशी ठरवलं, की आपल्याला गरज आहे हे तोंडावर दिसू द्यायचंच नाही. त्याच्या ओसरीवर बसून मी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, भावाचा धंदा विचारला, आणि उठता उठता म्हणालो, हो, एक फॉर्म आणलाय, वाटलं तर कर सही.

हबीब म्हणाला, करतो. नोकरी द्याल ती चालेल, पाळी द्याल ती चालेल. फक्त एक गोष्ट कागदावर लिहून पाहिजे.

मी सावध झालो. लाखमोलाचं काहीतरी मागणार, असं वाटलं. झालं होतं असं, की साहेबांनी त्या वर्षी हौसेने अकराही जणांसाठी कानपूरहून बूट मागवले होते, आणि ती बातमी कामठीपर्यंत पोचली होती. हबीब जन्मापासून अनवाणी खेळलेला.

"पायात बूट घातला का मले बॉल कुठी हाय तेच समजत नाही. बूट देनार नाही, असं लिवून द्या."

काहीतरी द्या म्हणून अडलेले पुष्कळ पाहिले होते. देऊ नका म्हणून अडलेला हा पहिलाच. साहेब दुखावले. बुटांची पेटी त्यांनी स्वतः फोडली होती. दोन दिवस इकडून तिकडे माझ्या खेपा झाल्या. अखेर असं ठरलं, की मॅच अनवाणी, बूट फक्त फोटोपुरते. तो फोटो पुढे कितीतरी वर्षं ऑफिसात लटकत होता. त्यात दहा जण कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि हबीब स्वतःच्या पायांकडे.

*

रामटेककडच्या रामाजीचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं, कारण त्याच्या वतीने बोलायला त्याचा काका होता. रामाजी सेंटर-हाफ, अंगाने भक्कम आणि तोंडाने मुका. काका त्याच्या उलट. सोयरीक जुळवायला बसावं तसा तो बसला. आधी पाणी, मग पान, मग गावच्या चार म्हाताऱ्यांची ओळख, आणि रामाजीला आत पाठवून दिलेलं.

काकाची अट एकच होती. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पोराला सुट्टी पाहिजे. आता धानाची रोवणी पावसाळ्यात आणि शील्डही पावसाळ्यात. म्हणजे वर्षभर पोरगं आमच्या मस्टरवर आणि सामन्यांच्या वेळी चिखलात. मी समजावलं, हात जोडले. काका हलेना. घरात दुसरा धडधाकट माणूस नाही, हे त्याचं म्हणणंही खरंच होतं.

तेव्हा पेंडसेसाहेबांनी डोकं लढवलं. एका माणसाच्या बदल्यात आठ माणसं देतो, म्हणाले. गिरणीतले आठ जण निवडून रोवणीसाठी रामटेकला पाठवले. सगळे सुताच्या कामात मुरलेले, शहरात वाढलेले. मी निश्चिंत झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः टाइम ऑफिसच्या दारात उभा. डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता. आठ जणांनी दोन बांध फोडले होते, रोपं मुळांसकट तुडवली होती, आणि वर दोन वेळा पोटभर जेवून राहिले होते.

"बाबूजी, यायले आधी घेऊन जा. पोट्टं पाह्यजे तं तेबी घेऊन जा, पन यायले माह्या बांधीत नका ठेवू."

काकाने फॉर्म मागून घेतला आणि रामाजीची सही आपल्या समोर करवून घेतली. साहेब नंतर कितीतरी दिवस गालातल्या गालात हसत होते. रामाजीच्या घरची रोवणी पुढे गावकऱ्यांनी उरकून दिली, ह्याचं मला बरं वाटलं.

*

गणपत एकोणीस वर्षांचा. सेंटर-फॉरवर्ड. त्याने मागितलं काय, तर एकदम जॉबरची जागा. जॉबर म्हणजे साच्यांवरच्या चाळीस माणसांचा मुकादम. त्या चाळिसांत ह्याचा सख्खा बाप. साहेब म्हणाले, अजिबात नाही. गणपत म्हणाला, मग मीही नाही.

साहेब हट्टाला पेटले. गणपतवाचूनही आपलं चालतं हे दाखवायला त्यांनी एक सरावाची मॅच ठेवली. गणपतच्या जागी हेडक्लार्क. हेडक्लार्कांनी धोतराचा काचा मारला होता आणि चष्मा दोऱ्याने बांधला होता. पहिल्या हाफमध्ये बॉल त्यांच्याकडे चार वेळा आला, आणि चारही वेळा त्यांनी तो आदराने जाऊ दिला.

गणपत लिंबाखाली बसून बघत होता. आधी हसला. मग उभा राहिला. मग रेषेजवळ आला. हेडक्लार्कांनी समोरचा मोकळा गोल सोडून कॉर्नरकडे बॉल मारला, तेव्हा गणपतच्या तोंडून काहीतरी शिवी गेली, आणि कुणाला काही कळायच्या आत तो सदरा काढून आत शिरला. पुढच्या अर्ध्या तासात त्याने तीन गोल केले.

मॅच संपल्यावर साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, छान, उद्या सकाळी सहीला ये. जॉबरचं नाव त्यांनी काढलं नाही. गणपतनेही काढलं नाही. नत्थू एव्हाना आमचा कॅप्टन झाला होता. त्याने गणपतला बाजूला घेतलं.

"सोताचे पाय धरून ठेवता येत नाही, तं अडून काहून बसला गा?"

गणपत रडवेला झाला होता. खरं सांगतो, मला त्याचं फार वाईट वाटलं. पण सही मी घेतली.

*

ह्या सगळ्या गोष्टी मी घरी येऊन बायकोला सांगायचो. ती पोळ्या लाटता लाटता हसायची. नत्थू कायम झाला, हबीब झाला, रामाजी झाला, हे सगळं तिला पाठ. सहाव्या वर्षी, फॉर्म द्यायच्या दिवशी सकाळी, मी जेवून पिशवी उचलली. आदल्या रविवारी मेहुण्याने नेहमीचा प्रश्न विचारला नव्हता. नुसतं आमच्या खोल्यांकडे बघून, थोरल्या मुलाचं लग्न ठरतंय, एवढंच म्हणाला होता. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला होता.

बायकोने पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, अकराही जणांचे फॉर्म ह्यातच आहेत का. मी हो म्हणालो.

"मग आज तुम्हीच पोट दुखवून घ्या."

*

असोसिएशनच्या ऑफिसला पुढे एक लांब व्हरांडा होता. मी तिथल्या बाकावर बसलो, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. कॅप्टननेही हजर राहायचं असा नियम, म्हणून शेजारी नत्थू. आतला कारकून दोनदा डोकावून गेला. साडेदहाला मी गिरणीत चिठ्ठी पाठवली: सर्व फॉर्म मजजवळ आहेत. मी अद्याप हंगामी आहे. चिठ्ठी गेली आणि मला घाम फुटला. नोकरीच गेली तर मेहुण्याला काय सांगणार, हा एकच विचार डोक्यात होता. नत्थूने पिशवीचा बंद माझ्या मनगटाला गुंडाळून दिला.

अकरा पस्तीसला साहेबांची मोटार आली. साहेब शांतपणे पायऱ्या चढले, माझ्यासमोर उभे राहिले. रागावलेले दिसत नव्हते, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढून मला दिला.

आत माझी ऑर्डर होती. टाइम ऑफिस, कारकून, कायम. खाली साहेबांची सही. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"अहो भुसारी, तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलंय हे. तुम्ही मागाल त्या दिवशी द्यायचं ठरवलं होतं. इतक्या पोरांचं मागायला आलात, वाटलं, आज ना उद्या स्वतःचंही मागाल."

मला हसू येईना, रडूही येईना. तीन वर्षांचे रविवार डोळ्यांपुढून गेले. साहेबांनी माझ्याच पाठीवर कागद टेकवून जुनी तारीख खोडली, नवी घातली, आणि मिळाल्याची सही करा म्हणून आपलं फाउंटनपेन माझ्या हातात दिलं. मी टोपण काढलं, कागदावर निब टेकवलं.

तेवढ्यात नत्थू माझ्या कानाशी वाकला.

"बाबूजी, पेन खाली ठेवा. बाराले अजून वीस मिनिटं हायेत. क्वार्टर मांगा."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पेनाला टोपण लावलं आणि पोटावर हात ठेवला.