मालतीवहिनीची बारीक चाकं

मालतीवहिनीच्या जीपला टायर निवडताना मी उंची मोजली आणि रुंदी मोजायला विसरलो. नोकरीभर इथल्या पोलादाच्या प्लांटच्या रेल मिलमध्ये रुळांची मापं तपासणारा माणूस मी. रुळाच्या डोक्यात, पोटात, तळात केसाएवढा फरक दिसला तरी माल बाजूला काढायला लावायचो. तोच मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण भिलाईतल्या आमच्या नात्यागोत्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि वहिनी असती तर हा लेख तिनं मला इथूनच सुरू करायला लावला असता.

वहिनी गेल्या महिन्यात गेली. सकाळी वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे तिची मुलगी, सेक्टर दहाला राहते. "काकाजी, आई नाही राहिली," म्हणाली. मग म्हणाली, "और सुनो, जीप गेट में अड़ी है. चावी नाई सापडून राहिली. तुमी या लवकर." रिसालीला वहिनीच्या घरी पोचलो तर खरंच, जीप गेटात अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि शववाहिनी रस्त्यावर ताटकळत उभी. आदल्या संध्याकाळी वहिनी शेतावरून आली, थकली असेल, गाडी आहे तिथंच सोडून घरात गेली आणि झोपली ती उठलीच नाही. जमलेल्यांपैकी कुणी म्हणे टोचन लावा, कुणी म्हणे भिंत फोडा. शेवटी वैशाली डोळे पुसत स्टिअरिंगवर बसली आणि आम्ही सगळे पेन्शनर दम खात मागून ढकलायला लागलो. चावी नंतर बायकांना सापडली, आंघोळ घालताना. वहिनीच्या कमरेला खोचलेली होती. दुपारी तिचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला. त्यानं पेपरात द्यायच्या मजकुरात 'प्रेमळ आणि सोशिक' असं लिहिलं होतं. 'प्रेमळ' मी राहू दिलं. 'सोशिक' खोडलं.

जीप मुळात माझ्या थोरल्या भावाची, दादाची. कंडम गाड्यांच्या लिलावात त्यानं ती घेतली तेव्हा वहिनी त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. पुढे दादा अचानक गेला आणि मग आम्ही सगळे शहाणे बैठकीच्या खोलीत बसून ठरवायला लागलो की जीप विकावी, भिलाईजवळच्या पाटणकडचं शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला द्यावं, वहिनीनं आता देवधर्म करावा. वहिनी त्या वेळी प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होती. चहाचा ट्रे घेऊन आली, आमचं सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी मैदानावर गाडी शिकायला लागली. ठेंगणी होती, समोरचं दिसायचं नाही, म्हणून बुडाखाली सतरंजीची चौघडी घ्यायची. दर रविवारी शेतावर. निघण्याआधी जीपभोवती एक चक्कर मारायची आणि प्रत्येक टायरला चपलेच्या टाचेनं दाबून पाहायची. मी एकदा म्हणालो, वहिनी, हवा मोजायचं यंत्र मिळतं. तर म्हणाली, "मिळत असंन ना. तुमी घ्या. तुमाले मोजाचा लय शौक हाये."

तो शौक नडला. जुन्या टायरांना भेगा पडल्या होत्या, आणि मी छाती काढून म्हणालो, वहिनी, हे काम माझं, माझ्याकडून भेट. त्या दिवसांत मोबाईलवर तरुण पोरांच्या जीपा बघायचा नाद मला लागला होता. काय ते रुंद टायर, काय तो रुबाब! वहिनीच्या जीपला सोळा इंची रिमवर सहा इंची टायर होते, सायकलीचे थोरले भाऊ दिसावेत असे. पॉवर हाऊसच्या बाजारात टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, पंधराच्या रिमवर दोनशे पस्तीसचा टायर घालू, गाडी शेर दिखेगी. मी टेप काढला. जुना उभा करून मोजला, नवा उभा करून मोजला. उंची जवळजवळ तंतोतंत! मी त्याला उंची जुळण्याचं महत्त्व समजावून सांगितलं, स्पीडोमीटर कसा बरोबर राहील तेही सांगितलं, आणि जुन्या रिमा त्यालाच देऊन टाकल्या. तो दोनशे पस्तीस आकडा टायरच्या रुंदीचा आहे, हे टायरवरच छापलेलं होतं. वाचलंही होतं मी.

जीप वाघासारखी दिसायला लागली आणि हत्तीसारखी वळायला लागली. त्या काळच्या गाडीचं स्टिअरिंग निव्वळ मनगटाच्या जोरावर चालणारं. पूर्ण वळवलं की टायर आतून स्प्रिंगच्या पाट्यांना घासायचा, खरखर व्हायची. वहिनी काही बोलली नाही. भेट होती ना. पण मनगटाला पट्टा बांधून फिरायला लागली, आणि एका रविवारी गेटातून वळताना जीप खांबाला ठोकली. झालं... पुण्याहून प्रशांतचा फोन. "आई, आता झेपत नाही तुला. दिवाळीला येतो, गाडी विकून टाकू." वैशालीचा नवरा म्हणाला बरोबर आहे. शेजारी म्हणाले वय झालं. आणि ज्यानं ते टायर बसवले तो महाभागही तिच्या सोफ्यावर बसून, तिचाच चिवडा खात, मान हलवत होता. गाडी गेली असती तर शेत गेलं असतं, आणि शेत गेलं असतं तर वहिनी आमच्या ठरवण्यावर चालणारी एक म्हातारी झाली असती. ते तिला पक्कं कळत होतं. आम्हाला नव्हतं.

चारेक दिवसांनी तिनं मला बोलावलं. अंगणात जीपचा जुना एक टायर पडलेला होता, त्यात तिनं गवती चहा लावला होता. त्यावर आडवी वीत टेकवली. टायर वितीच्या आत. मग जीपच्या टायरवर वीत टेकवली. वीत संपली, टायर उरला.

"भाऊजी, हे तुमाले कावून नाई दिसलं?"

मी म्हणालो, वहिनी, मी उंची...

"माह्या हाताचा जोर नाई गेला. तुमची अक्कल गेली. अन् मी इतके दिवस दवाई लावून राहिली मनगटाले."

मग आमची वरात टायरवाल्याकडे. जुन्या रिमा त्यानं विकल्या नव्हत्या, एकीत बांबू रोवून 'यहाँ हवा भरी जाती है' अशी पाटी उभी केली होती. वहिनीनं पाटी स्वतः उपटली. आता त्या मापाचे टायर शोधायचे. इथं मी पुन्हा पुढे झालो, कारण मला स्वस्थ बसवत नाही. दुर्गला जाऊन सहा-सोळा असं स्वच्छ छापलेले टायर विजयी मुद्रेनं घेऊन आलो. रुंदी मोजली होती, उंची मोजली होती, विती लावूनही पाहिली होती. वहिनीनं टायर फिरवून बघितला. त्यावर नुसत्या तीन उभ्या पट्ट्या होत्या.

"हे ट्रॅक्टरचे समोरचे हायेत, भाऊजी. त्याले फक्त वळाचं असते. माह्या गाडीले ओढाचं बी हाये."

ते परत केले. त्याच मापाचे, पण आडव्या जाड खाचांचे, जीपचे म्हणून असतात ते तिनं स्वतः दुकानाच्या माळ्यावरून काढायला लावले, आणि मला दुकानाबाहेर रसवंतीवर बसवून ठेवलं.

दिवाळीला प्रशांत आला. घेणारा ठरवूनच आला होता. अवकाळी पाऊस झाला होता आणि शेताकडची वाट म्हणजे काळीभोर कन्हार माती, चपलेला लागली तर चप्पल ठेवून घेणारी. रुंद टायर त्या चिखलावर नुसता तरंगतो आणि जागीच गरगरतो. हे आम्ही आधीच्या पावसाळ्यात अनुभवलं होतं, आणि तेव्हाही दोष वहिनीच्या वयालाच दिला होता. वहिनी म्हणाली, "बस. तुह्या घेनाऱ्याले सांगाले पाह्यजे ना गाडी कशी हाये थे." प्रशांत तिच्या बाजूला, मी मागे. जीप चिखलात उतरली, खाली गेली, आणखी खाली गेली... आणि मग खालच्या मुरमाला चाकं टेकल्याचं बुडाला कळलं. बारीक चाकं चिखल कापत गेली, सुरीसारखी. वहिनी एकदाही थांबली नाही, एकदाही जोरानं रेस केली नाही. बांधापाशी तिनं सगळी जीप एका दमात फिरवून तोंड घराकडे केलं आणि इंजिन बंद केलं.

"हं. काय विकाचं हाये म्हनत होता?"

प्रशांत खाली उतरून बूट धुवायला लागला. त्यानंतर कित्येक वर्षं हा विषय निघाला नाही. पुढे डॉक्टर बोलले, मी बोललो, सगळे बोललो. ती रविवारी जात राहिली. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा.

तेरवी झाल्यावर प्रशांतनं विषय काढला. वाईट मुलगा नाही तो, थकला होता. म्हणाला, आता कोण चालवणार ती? वैशाली उठली. ओढणीच्या टोकाला बांधलेली चावी सोडवली आणि म्हणाली, "धान खड़ा है वहाँ. मी जाऊन राहिली." बाहेर आली. वहिनीची सतरंजी सीटवर तशीच होती. वैशाली आईपेक्षा वीतभर उंच, बसली तर डोकं वरच्या ताडपत्रीला टेकलं. सतरंजी काढली नाही तिनं. मान जरा वाकवून बसली. मग काहीतरी आठवल्यासारखी खाली उतरली, जीपभोवती फिरली, आणि एकेका टायरला टाचेनं दाबत गेली. तशीच. अगदी तशीच...

मला काय करावं सुचेना. डोळे भरून आले की माणसाला हाताला काहीतरी काम लागतं. मी आपला खिशातून टेप काढला आणि पुढच्या चाकाशी वाकलो.

"काकाजी," वैशाली म्हणाली, "टेप ठेवा अंदर. तुमी फक्त मागं बसा."