लिथियमच्या पायऱ्या

लाडिना कादुफ एका जागी बसलेली झ्युरिकात कुणी पाहिली नव्हती. टेकडीचा चढ ती आजोबांच्या लष्करी सायकलवरून, म्हणजे लोखंडाच्या त्या धुडावरून दामटत यायची. चोरांच्या धास्तीने सायकल आत बोळात आणून प्रयोगशाळेच्या भिंतीला टेकवायची आणि मग आत चकरा सुरू.

काम मात्र सबुरीचं. निर्वात पेटीत लिथियमचे अणू लेसरने गारठवायचे, चुंबकाने त्यांचा ढग जागच्या जागी धरायचा आणि प्रकाशाने कोरलेल्या बारीक फटीतून तो वाहू द्यायचा. सूक्ष्म तारेतून वीज कशी जाते, ते असं संथपणे पाहता येतं. फट रुंदावत नेली की प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी वाढायला हवा. लाडिनाची पीएचडी त्याच पायऱ्यांवर अडली होती. ढग रोज केसभर सरकलेला असायचा आणि पडद्यावर नुसता उतार दिसायचा. सोमवारी पंप बदलायला पेटी उघडणार होती. मग कित्येक महिने काम बंद, आणि तिची मुदत उन्हाळ्यातच संपत होती.

शुक्रवारी सायकल पंक्चर झाली. ती चरफडत बसने आली आणि जेवणाआधी पडद्यावर पायरी उभी राहिली. मग दुसरी.

"फ्लुरिन, अरे बघ! मला चिमटा काढ!"

"आधी एका जागी उभी राहा, मग काढतो," तिचा प्रयोगातला जोडीदार म्हणाला.

प्राध्यापक एग्लीबाई चार वाजता येणार होत्या. तोवर हिला धीर कुठला! जेवणाच्या सुट्टीत ती पंक्चर काढून सायकल घेऊन आली.

चारला पडद्यावर पुन्हा उतार.

"कुठे आहेत गं पायऱ्या?"

"होत्या, बाई! शपथ! जेवणाआधी होत्या."

"जेवणात खाल्ल्यास की काय?" फ्लुरिन म्हणाला.

ती तणतणत बोळात गेली. गुडघा सायकलवर आपटला आणि ती तिथेच थबकली. भिंतीच्या अलीकडे लोखंड, पलीकडे चुंबक. सायकल उचलून ती धावत अंगणात ठेवून आली, कुलूपसुद्धा न लावता. थोड्या वेळाने पायरी उभी राहिली.

"काय केलंस?" बाईंनी विचारलं.

"सायकल बाहेर ठेवली." लाडिना मटकन खाली बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "दोन वर्षं मी रोज सगळ्यांच्या आधी यायचे, बाई. ती सायकल घेऊन."

तिच्याकडून किल्ली घेऊन फ्लुरिन कुलूप लावायला अंगणात गेला.